‘ओळखीचा’ या रकान्यात कोण कोण बसते? मूलनिवासी स्त्रियांच्या हत्या आणि जोडीदाराचा वाटा

वैजयंती_विनिपेग (प्रश्न)

नमस्कार. मी विनिपेग येथे सार्वजनिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. सत्रनिबंधासाठी मूलनिवासी स्त्रियांच्या जोडीदाराकडून झालेल्या हत्यांचे तुलनात्मक कोष्टक करायला घेतले आणि तीन ओळी भरल्यावरच अडले. (कॅनडापुरता फर्स्ट नेशन्स, मेती आणि इन्युइट या तिन्ही समूहांसाठी मी ‘मूलनिवासी’ हा एकच शब्द वापरते आहे. आपल्याकडे त्या शब्दाला जो राजकीय अर्थ चिकटला आहे, तो येथे अभिप्रेत नाही.)

पहिली ओळ रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांच्या, म्हणजे आरसीएमपीच्या, २०१४ च्या अहवालाची आहे. त्यांनी देशभरातील पोलीस दलांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९८० ते २०१२ या काळात १,०१७ मूलनिवासी स्त्रियांच्या हत्या झाल्याचे व १६४ स्त्रिया बेपत्ता असल्याचे सांगितले. लोकसंख्येत या स्त्रियांचा वाटा ४.३ टक्के, पण हत्या झालेल्या एकूण स्त्रियांमध्ये तो १६ टक्के आहे. त्याच अहवालात मारेकऱ्याशी असलेल्या नात्याचे कोष्टक आहे. मूलनिवासी स्त्रियांच्या बाबतीत पती किंवा पतीसारखा सोबत राहणारा जोडीदार २९ टक्के, अन्य जवळिकीचे संबंध १० टक्के आणि ओळखीचे लोक ३० टक्के. इतर स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ४१, ९ आणि १९ आहेत. दुसरी ओळ स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या २०२३ मधील अभ्यासाची. त्यात २००९ ते २०२१ या काळासाठी जोडीदाराचा वाटा ३५ टक्के दिला आहे. तिसरी ओळ ऑस्ट्रेलियाची, आणि तेथे अ‍ॅबोरिजिनल व टॉरेस स्ट्रेट आयलंडर स्त्रियांच्या बाबतीत हाच वाटा ७० टक्क्यांच्या आसपास जातो.

गटचर्चेत एका सहाध्यायाने पहिल्या ओळीकडे बोट दाखवून सांगितले की, २९ हे ४१ पेक्षा कमी असल्याने मूलनिवासी स्त्रियांना जोडीदाराकडून असलेला धोका इतर स्त्रियांपेक्षा कमी आहे. मला हे पटले नाही, परंतु नेमके कुठे चुकते आहे ते तिथल्या तिथे सांगता आले नाही, आणि घरी आल्यावरही नीट मांडता येईना. शिवाय ३५ आणि ७० या आकड्यांमधले अंतर खरोखर दोन देशांमधले आहे की दोन फॉर्मांमधले, हेही कळत नाही. हे तिन्ही आकडे एका कोष्टकात ठेवता येतील का, आणि ठेवल्यास खाली काय टीप द्यावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गणिती_काका

वैजयंती, तुमच्या सहाध्यायाची चूक जुनी आहे आणि भलेभले तीत पडतात. त्याने छेद न पाहता अंशांची तुलना केली. २९ टक्के कशाचे? हत्या झालेल्या मूलनिवासी स्त्रियांचे. धोका मात्र जिवंत स्त्रियांच्या संख्येवर मोजायचा असतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर दडलेले आहे, म्हणून ते येथेच करून दाखवतो.

देशात १०० स्त्रियांच्या हत्या झाल्या असे धरा. त्यांपैकी १६ मूलनिवासी आणि ८४ इतर. १६ चे २९ टक्के म्हणजे ४.६४, आणि ८४ चे ४१ टक्के म्हणजे ३४.४४. आता यांना आपापल्या लोकसंख्येच्या वाट्याने भागा. ४.६४ भागिले ४.३ म्हणजे १.०८, तर ३४.४४ भागिले ९५.७ म्हणजे ०.३६. दोहोंचे गुणोत्तर ३ येते. म्हणजे ज्या आकड्यावरून ‘धोका कमी’ असा निष्कर्ष काढला गेला, त्याच आकड्यातून पती किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराकडून मारले जाण्याचा दर सुमारे तिप्पट निघतो. ‘अन्य जवळिकीचे संबंध’ मिळवले, म्हणजे ३९ विरुद्ध ५० असे घेतले, तर गुणोत्तर ३.३ होते. आणि ‘ओळखीचे लोक’ या रकान्याचे गणित केले तर ते ६.७ येते. जोडीदाराचा वाटा लहान दिसतो तो जोडीदार कमी मारतात म्हणून नव्हे, तर बाकीचेही फार मारतात म्हणून.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. ४.३ टक्के हा २०११ च्या सुमाराचा वाटा आहे आणि हत्या ३३ वर्षांच्या आहेत. पूर्वी लोकसंख्येत हा वाटा कमी नोंदला जात असे, त्यामुळे खरे गुणोत्तर माझ्या आकड्यापेक्षा जास्त असण्याचीच शक्यता आहे. दुसरे म्हणजे, वाट्याचा हा चकवा काळाच्या अक्षावरही होतो. आरसीएमपीच्याच अहवालानुसार हत्या झालेल्या स्त्रियांमध्ये मूलनिवासी स्त्रियांचे प्रमाण १९८४ मध्ये ८ टक्के होते व २०१२ मध्ये २३ टक्के झाले. हे वाचून त्यांच्या हत्या तिपटीने वाढल्या असे वाटते. प्रत्यक्षात त्यांची संख्या साधारण स्थिर राहिली आणि इतर स्त्रियांच्या हत्या घटल्या. घट सगळ्यांच्या वाट्याला आली नाही, ही खरी बातमी आहे, पण ती टक्केवारीच्या पोटात लपते.

म्हणून कोष्टकात दर लाखामागचा दर हा मुख्य स्तंभ ठेवा, आणि वाटा द्यायचाच असेल तर तो शेजारी बारीक अक्षरात द्या.

नीरजा_मेलबर्न

गणिती_काकांनी छेदाची बाजू मांडली आहे. मी अंशाबद्दल लिहिते, कारण काही वर्षे मी मृत्यूंच्या फायली वाचून सांकेतिक क्रमांक भरण्याचे काम केले आहे.

‘मारेकऱ्याशी नाते’ हा रकाना भरणे किती अवघड असते, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात कळले. आम्हाला सरावासाठी एक काल्पनिक फाइल दिली होती. पोलिसांच्या पहिल्या फॉर्मवर नात्यापुढे ‘ओळखीचा’ असे लिहिलेले. घटनास्थळाच्या वर्णनात न्हाणीघरातल्या पेल्यात दोन टूथब्रश आणि दाराशी पुरुषाच्या कामाच्या बुटांचा जोड. चाळिसाव्या पानावर शेजारणीचा जबाब होता की, तो तीन आठवड्यांपासून तिथेच राहत होता, पण मृत स्त्रीच्या बहिणीच्या मते तो ‘कोणी नव्हता, नुसता येऊन-जाऊन असे’. आम्ही चौघे होतो. दोघांनी ‘सोबत राहणारा जोडीदार’, एकाने ‘प्रियकर’ आणि मी ‘ओळखीचा’ असा क्रमांक भरला. मी पहिल्या पानापलीकडे नीट वाचलेच नव्हते. प्रशिक्षकांनी कोणालाही चूक ठरवले नाही. त्यांनी एवढेच विचारले की तुम्ही कोणत्या पानावर थांबलात. तुमच्या पहिल्या ओळीतल्या ३० टक्के ‘ओळखीच्या’ लोकांकडे पाहताना मला ते पान आठवते.

आता ३५ आणि ७० मधल्या अंतराविषयी. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय हत्या निरीक्षण कार्यक्रम १ जुलै १९८९ पासूनच्या नोंदी ठेवतो. वर्ष जुलै ते जून असे मोजले जाते, आणि पोलिसांच्या नोंदी कॉरोनरच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या जातात. (कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची न्यायिक चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही पूर्वी हे पद होते.) तेथे ‘जवळचा जोडीदार’ या एकाच शब्दात आजी-माजी पती, लग्नाविना सोबत राहणारे, प्रियकर आणि विवाहबाह्य संबंध असलेले असे सगळे येतात. कॅनडाच्या जुन्या कोष्टकात यांचे दोन रकाने होतात. तुम्ही २९ घेतले असते तर तुलना पहिल्याच पायरीवर कोलमडली असती, तेव्हा निदान ३९ घ्या. दुसरे असे की, कॅनडाच्या दोन्ही आकड्यांत लहान मुलीही आहेत. बालिकेचा जोडीदार नसतो, आणि तिचा मारेकरी बहुधा कुटुंबातील असतो. म्हणून फक्त प्रौढ स्त्रिया घेतल्या की जोडीदाराचा वाटा आपोआप वर सरकतो. एवढे केल्यावरही अंतर उरेल, आणि ते खरे अंतर असेल. कॅनडात मूलनिवासी स्त्रियांना जोडीदाराखेरीज इतर लोकांकडून असलेला धोका फार मोठा आहे, हे काकांच्या ६.७ मधून दिसतेच.

आता सर्वांत अडचणीचा मुद्दा. नात्याचे कोष्टक फक्त छडा लागलेल्या गुन्ह्यांवरून बनते. जोडीदाराने केलेल्या हत्येत आरोपी अनेकदा घटनास्थळीच सापडतो, परंतु महामार्गाच्या कडेला सापडलेल्या मृतदेहाच्या बाबतीत वर्षानुवर्षे कोणीच सापडत नाही. त्यामुळे न सुटलेले गुन्हे बाजूला ठेवले की जोडीदाराचा वाटा फुगतो. उलट दिशेची चूकही तितकीच खरी आहे. जिन्यावरून पडून, बुडून किंवा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेला म्हणून नोंदलेला मृत्यू हत्येच्या यादीत येतच नाही, आणि ‘अपघाताच्या’ वेळी घरात कोण होते हे विचारायचे राहून जाते. पहिली चूक आकडा वाढवते, दुसरी घटवते, पण दोन्ही एकमेकींना तंतोतंत खोडतील असे समजायला काही आधार नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २००० पासून बेपत्ता झालेल्या, हत्या झालेल्या किंवा संशयास्पद परिस्थितीत मरण पावलेल्या किमान ३१५ मूलनिवासी स्त्रियांची यादी केली. तीत संशयास्पद मृत्यू मुद्दाम धरले होते. सरकारी हत्यांच्या आकड्याशी ती जुळत नाही, कारण ती दुसरीच गोष्ट मोजते.

फायली शेवटपर्यंत वाचण्याचे काम येथे मृत्यू-पुनरावलोकन पथके करतात. त्यांच्या राष्ट्रीय जाळ्याच्या पहिल्या अहवालात जुलै २०१० ते जून २०१४ या काळातील जोडीदाराकडून झालेल्या १५२ हत्या तपासल्या होत्या. त्यांतील १२१ प्रकरणांत पुरुषाने स्त्रीला मारले होते. स्त्रीने पुरुषाला मारल्याची २८ प्रकरणे होती, आणि त्यांतील १७ प्रकरणांत मेलेला पुरुषच आधीपासून तिला मारहाण करणारा होता. नुसते ‘नाते’ मोजणाऱ्या कोष्टकात ही माहिती कधीच उतरत नाही. या पद्धतीचा तोटा म्हणजे उशीर. खटला किंवा कॉरोनरची चौकशी संपल्यावरच प्रकरण मोजले जाते. नॉर्दर्न टेरिटरीच्या कॉरोनर एलिझाबेथ आर्मिटेज यांनी जोडीदारांनी मारलेल्या चार अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांच्या मृत्यूंची एकत्रित चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ३५ शिफारशींसह निष्कर्ष मांडले. ते वाचले तर चार मृत्यूंमागे पोलीस, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या किती नोंदी पडून होत्या, हे ध्यानात येते.

जाता जाता नोंदी जुळवण्यातली एक अडचण. मध्य ऑस्ट्रेलियात मृत व्यक्तीचे नाव उच्चारत नाहीत, त्याऐवजी ‘कुमनजाई’ असे पर्यायी नाव घेतात, आणि मृताचे नाव असलेल्या जिवंत माणसालाही काही काळ त्याच नावाने हाक मारतात. परिणामी एकमेकांशी काही संबंध नसलेल्या अनेकांच्या कागदपत्रांवर हे एकच नाव दिसते. रुग्णालयाची नोंद आणि पोलिसांची नोंद नावावरून जुळवणारी संगणक प्रणाली तेथे हमखास फसते. यात दोष प्रथेचा नाही. ज्यांच्यासाठी नोंदी ठेवायच्या त्यांची रीत लक्षात न घेता प्रणाली बांधली गेली.

शंकासुर

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. जोडीदाराचा वाटा मोजण्याचा आग्रह धरणे हेच मुळात एका बाजूचे राजकारण नाही का? २०१५ मध्ये कॅनडाचे तत्कालीन मंत्री बर्नार्ड व्हॅलकोर्ट यांनी मूलनिवासी नेत्यांच्या बैठकीत सांगितले की, मूलनिवासी स्त्रियांच्या हत्यांपैकी ७० टक्के हत्या मूलनिवासी पुरुषांनीच केल्या आहेत. एप्रिलमध्ये आरसीएमपीचे आयुक्त बॉब पॉलसन यांनी पत्र लिहून या आकड्याला दुजोरा दिला. त्याआधी हेच दल मारेकऱ्यांचा वंश जाहीर करणे योग्य नाही, असे म्हणत होते. तो आकडाही फक्त छडा लागलेल्या प्रकरणांचा होता, हे नीरजाताईंच्या मुद्द्याशी जोडून पाहावे. त्या काळी राष्ट्रीय चौकशी आयोगाची मागणी जोरात होती आणि सरकार तिला नकार देत होते. ‘हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे’ असे म्हणण्यासाठी असा आकडा फार सोयीचा पडतो. मग ब्रिटिश कोलंबियातल्या सोळा क्रमांकाच्या महामार्गावर नाहीशा झालेल्या स्त्रियांचे काय?

मात्र दुसरी बाजूही मला खटकते. सगळे लक्ष महामार्गावर आणि अनोळखी मारेकऱ्यांवर गेले की स्वयंपाकघरात मारली गेलेली स्त्री बातमीतून आणि निधीतूनही बाद होते. तिची हत्या ‘सुटलेली’ असते ना!

आयोग अखेर २०१६ मध्ये बसला. मॅरियन ब्युलर यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने जून २०१९ मध्ये अंतिम अहवालात २३१ मागण्या मांडल्या. पोलिसांचे आकडे ज्या पद्धतीने काढले गेले, त्यावरही त्याने कठोर टीका केली आहे. आरसीएमपीने २०१५ मध्ये दिलेली सुधारित आकडेवारी तर केवळ त्यांच्या स्वतःच्या हद्दीतली होती. इतर पोलीस दलांच्या हद्दी तीत नव्हत्या. तुमच्या कोष्टकात ती ओळ घेणार असाल, तर हे स्पष्ट लिहावे.

सिएटलकर

अमेरिकेची ओळ अद्याप आलेली नाही, म्हणून लिहितो. येथे नात्याच्या आधी वंशाचाच रकाना दगा देतो.

मृत्यूच्या दाखल्यावर व्यक्तीचा वंश कोण भरतो? अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापक. नियमाने त्याने नातेवाइकांना विचारून भरायचे असते. प्रत्यक्षात नातेवाईक दूर असले, शोकात असले किंवा प्रश्न विचारणेच अवघड वाटले, तर चेहरा आणि आडनाव पाहून चौकोनात खूण होते. स्पॅनिश आडनाव दिसले की एक खूण, गोरा रंग दिसला की दुसरी. जिवंतपणी स्वतःला अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह (म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी) म्हणवणाऱ्या सुमारे ४० टक्के लोकांची मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्याच वंशात नोंद होते, असे राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या संशोधकांनी जनगणना विभागाच्या सर्वेक्षणांशी दाखले ताडून दाखवले आहे. म्हणजे दराचा छेद लोकांनी स्वतः सांगितलेल्या ओळखीवर बनतो, आणि अंश तिऱ्हाइताच्या नजरेवर. अशा भागाकाराला दर म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

सिएटलमधल्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये ७१ शहरांच्या पोलिसांकडे माहिती मागितली. अ‍ॅबिगेल एको-हॉक त्या संस्थेच्या संचालक होत्या. त्यांना ५०६ प्रकरणे मिळाली, त्यांपैकी २८० हत्यांची, १२८ बेपत्ता स्त्रियांची, आणि ९८ प्रकरणांत पुढे काय झाले हेच स्पष्ट नव्हते. १५३ प्रकरणे पोलिसांच्या नोंदींत नव्हतीच, ती संस्थेने कुटुंबांकडून आणि बातम्यांतून गोळा केली. आमच्या सिएटलच्या पोलिसांचे उत्तर तर नमुनेदार होते. जुन्या नोंदींतील वंशाच्या रकान्यात ‘एन’ हे अक्षर असे. त्याचा अर्थ ‘नेटिव्ह’ नसून ‘नीग्रो’ आहे, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो तसाच वापरात होता, असे त्यांनी मागाहून कळवले. एका अक्षरात दोन समाज!

कॅनडाशी तुलना केली तर एक गमतीदार उलटापालट दिसते. गमतीदार हा शब्द येथे बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही. नेटिव्ह विमेन्स असोसिएशन ऑफ कॅनडा या संघटनेने कुटुंबांशी बोलून, वर्तमानपत्रे चाळून मार्च २०१० पर्यंत ५८२ प्रकरणांची यादी केली होती. पुढे पोलिसांनी स्वतःची कपाटे उघडली तेव्हा बेपत्ता धरून १,१८१ निघाली. तिथे पोलिसांकडे जास्त नोंदी होत्या, पण कोणी विचारले नव्हते. इथे विचारले, तर नोंदीच अपुऱ्या.

नात्याबद्दलही एक तपशील. एफबीआयच्या हत्यांच्या पुरवणी अहवालात माजी पती आणि माजी पत्नी यांना स्वतंत्र क्रमांक आहे, पण माजी प्रियकराला नाही. संबंध तोडल्यानंतरचा काळ स्त्रीसाठी विशेष धोक्याचा असतो, हे या विषयातले सर्वश्रुत निरीक्षण आहे, आणि नेमका तोच मारेकरी या फॉर्मवर ‘ओळखीचा’ किंवा ‘प्रियकर’ यांपैकी कुठेतरी ढकलला जातो. त्यामानाने रोगनियंत्रण केंद्राची हिंसक मृत्यूंची नोंदप्रणाली बरी आहे, कारण ती दाखला, पोलीस अहवाल आणि शवचिकित्सेचा अहवाल एकत्र वाचते. १८ राज्यांतील २००३ ते २०१४ या काळातील १०,०१८ स्त्रियांच्या हत्यांवरील तिच्या अहवालात दर लाखामागचा दर कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ४.४ आणि अमेरिकन इंडियन व अलास्का नेटिव्ह स्त्रियांसाठी ४.३ आला, आणि हे दोन्ही दर इतर सर्व गटांपेक्षा जास्त होते. चुकीच्या वंशनोंदी मनात धरल्या, तर हा ४.३ मला किमान आकडा वाटतो.

जुना_पेशकार

मी नाशिकचा, न्यायालयीन सेवेतून निवृत्त. परदेशी आकड्यांत मला गती नाही, परंतु कोणी या कोष्टकात भारताची ओळ घालण्याचा विचार करत असेल, तर आधीच सावध करतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जमातींवरील अत्याचारांचे स्वतंत्र प्रकरण असते. त्यातील हत्यांचा आकडा उचलून ‘आदिवासी स्त्रियांच्या हत्या’ असे लिहिणे साफ चूक ठरेल. अत्याचार प्रतिबंधक कायदा आरोपी अनुसूचित जाती-जमातींच्या बाहेरचा असेल तेव्हाच लागतो. भिल्ल स्त्रीला भिल्ल नवऱ्याने मारले, तर ती हत्या सर्वसाधारण खुनांत मोजली जाते, आणि तेथे मृताची जमात दिसत नाही. म्हणजे आपला प्रश्न ज्या स्त्रियांविषयी आहे, त्याच या कोष्टकातून नियमाने गळतात. हुंडाबळीच्या आकड्यावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण नंदुरबार, धुळ्याकडच्या अनेक आदिवासी समाजांत हुंड्याऐवजी वराकडून वधूच्या घरी देज देण्याची रीत आहे. तेव्हा हुंड्याच्या मागणीची अट पुरी होणार कशी? बाकी खुनांची कारणे दाखवणारे कोष्टक असते, त्यात ‘प्रेमसंबंध’, ‘कौटुंबिक वाद’ असे हेतू असतात, पण मारणारा मृताचा कोण लागत होता, हे नसते.

आणि नीरजाताईंनी ज्या अपघाती नोंदींचा उल्लेख केला, त्याला आमच्याकडे ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि आता नव्या संहितेच्या कलम १९४ खाली ती नोंद होते. विहिरीत पाय घसरून पडली, स्टोव्हचा भडका उडाला, अशी वाक्ये मी इतकी वाचली आहेत की, हस्ताक्षर बदलले तरी मजकूर तोच असे. त्यांतल्या किती खऱ्या होत्या, हे सांगायला माझ्याकडे कागद नाही.

वैजयंती_विनिपेग

सर्वांचे मनापासून आभार. पेशकार काका, भारताची ओळ मी घालणार नाही. ती का घातली नाही, हे मात्र टिपेत लिहीन. बाकी कोष्टक मोडून पुन्हा मांडते आहे. वाट्याचा स्तंभ मागे नेला, प्रत्येक ओळीसमोर ‘वंश कोणी ठरवला’ आणि ‘जोडीदार कोणाला म्हटले’ असे दोन स्तंभ वाढवले, आणि अमेरिकेची ओळ स्वतंत्र ठेवली.

दोन प्रश्न उरले आहेत. छेदाचे काय करावे? कॅनडात २००६ ते २०१६ या दहा वर्षांत मूलनिवासी लोकसंख्या ४२.५ टक्क्यांनी वाढली, आणि ही सगळी वाढ जन्मांमुळे नाही. पूर्वी स्वतःची ओळख न सांगणारे लोक आता जनगणनेत ती सांगू लागले आहेत. ऑस्ट्रेलियातही २०१६ ते २०२१ दरम्यान २५ टक्के वाढ झाली. एकही जीव न वाचता दर खाली येईल, असे हे गणित दिसते. आणि दुसरे, न सुटलेली प्रकरणे मी छेदात धरावी की वगळावी? आरसीएमपीच्या अहवालात छडा लागण्याचे प्रमाण मूलनिवासी स्त्रियांसाठी ८८ टक्के आणि इतरांसाठी ८९ टक्के आहे.

गणिती_काका

पहिल्याचे उत्तर थोडक्यात. दोन जनगणनांमधील दरांची तुलना करून ‘सुधारणा झाली’ असे लिहू नका, आणि प्रत्येक दरासोबत मूळ संख्या द्या. संख्या लहान असल्या की टक्केवारी उड्या मारते. ऑस्ट्रेलियात २०२२–२३ मध्ये सर्व समाजांतील मिळून ३४ स्त्रिया जोडीदाराकडून मारल्या गेल्या आणि दर २८ टक्क्यांनी वाढल्याचे मथळे झळकले. २८ टक्के म्हणजे आदल्या वर्षीच्या २६ च्या आसपासच्या संख्येवर आठेक मृत्यू. दोन संख्यांची बेरीज ६० धरली, तर तिचे वर्गमूळ, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचा ढोबळ अंदाज, पावणेआठ येते. म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगाच्या चढउताराएवढाच आहे. त्या आठ स्त्रिया गेल्या हे खरेच, पण त्यावरून कल ठरत नाही. एका समाजाची, एका प्रांताची एका वर्षाची संख्या तर याहूनही लहान असते. तेव्हा पाच किंवा दहा वर्षे एकत्र करा.

दुसऱ्या प्रश्नात निवड करूच नका, दोन्ही टोके द्या. मूलनिवासी स्त्रियांसाठी छडा लागलेल्या ८८ टक्क्यांपैकी ३९ टक्के म्हणजे एकूण हत्यांच्या ३४.३ टक्के. न सुटलेल्या १२ टक्क्यांत एकही जोडीदार नाही असे धरले, तर वाटा ३४.३, आणि सगळेच जोडीदार धरले, तर ४६.३. इतर स्त्रियांसाठी ८९ पैकी ५० टक्के म्हणजे ४४.५, आणि वरचे टोक ५५.५. दोन्ही पट्टे ४४.५ ते ४६.३ या अरुंद जागेत एकमेकांवर येतात. हे पट्टे कागदावर आडवे काढून त्याखाली तिप्पट दराची आकडेमोड ठेवा, म्हणजे तुमच्या सहाध्यायाला वेगळे काही सांगावे लागणार नाही. फक्त ‘ओळखीच्या’ ३० टक्क्यांवर एक तारांकन करा आणि तिथे नीरजांचे दोन टूथब्रश लिहा.